जांभळ्या टोपीची नळी: व्हायरल लोडला पहिल्यांदा निघालात तर

"दादा, उद्या रक्त द्यायचंय. उपाशी जाऊ का?"

आदल्या रात्री येणारा हा फोन मला आता पाठ झालाय. उत्तर सोपं आहे. पोटभर खाऊन जा, पाणी पिऊन जा आणि रोजची गोळी रोजच्या वेळेला घ्या. ही साखरेची तपासणी नाही, रक्तात एचआयव्हीचा विषाणू किती आहे ते मोजणारी व्हायरल लोडची तपासणी आहे. उपाशी राहून आकडा कमी येत नाही आणि वडापाव खाऊन वाढत नाही. काहीजण उलटा विचार करतात, की रक्त द्यायचंय म्हणून त्या दिवशी गोळी नको. असं अजिबात करू नका. गोळी चालू असताना विषाणू कितपत दबलाय, हेच तर बघायचं असतं.

मी घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो आणि २०१२ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे. सुट्टी जमेल तेव्हा नव्याने गोळ्या सुरू झालेल्यांबरोबर सरकारी एआरटी सेंटरवर जातो. डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते सेंटरवर ऐकलेलं, वाचलेलं आणि स्वतःच्या अंगावरून गेलेलं आहे. कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली बदलायची, हे तुमच्या सेंटरचे डॉक्टरच ठरवतील.

आधी तारखा समजून घ्या

गोळ्या सुरू करताना सेंटरवर सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) बघतात, बाकीचं रक्त तपासतात, टीबीची लक्षणं विचारतात. व्हायरल लोड तेव्हा सहसा करत नाहीत, म्हणून "माझा लोड का नाही काढला?" असं वाटून घेऊ नका. गोळी सुरू व्हायच्या आधी लोड असणारच. सरकारी कार्यक्रमाप्रमाणे पहिला व्हायरल लोड सहा महिन्यांनी, दुसरा बाराव्या महिन्यात आणि नंतर दर वर्षी एकदा होतो. पहिल्या गोळ्या लागू पडल्या नाहीत म्हणून पुढच्या, म्हणजे सेकंड लाईन किंवा थर्ड लाईनच्या गोळ्या असतील तर दर सहा महिन्यांनी. पैसे लागत नाहीत. हीच तपासणी खासगीत केली तर काही हजारांची पावती हातात पडते, त्यामुळे सरकारी तारीख हुकवून "नंतर बाहेरून करू" म्हणणाऱ्यांना मी दोन शब्द ऐकवतो.

तारीख लक्षात ठेवायचं काम सेंटरचं आहे हे खरं, पण तिथली गर्दी बघितलीय ना? सेंटर देतं त्या हिरव्या पुस्तकाच्या, म्हणजे तुमच्या उपचाराच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने गोळ्या सुरू केल्याची तारीख लिहा, त्याखाली सहा महिन्यांनंतरची आणि वर्षानंतरची. त्या महिन्यात गोळ्या घ्यायला गेलात की स्वतःच विचारा, "मॅडम, माझा व्हायरल लोड ड्यू आहे का?" स्थिर झालेल्या पेशंटला तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. तिथे एक फेरी चुकली की तपासणी थेट तीन महिने पुढे जाते.

आकडा कशाचा असतो

एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती सापडल्या, तो हा आकडा. रिपोर्टवर "कॉपीज पर एमएल" असं लिहितात. कोरोनाच्या वेळी नाकात काडी घालून आरटीपीसीआर झाली होती, तंत्र तेच. तिथे हो की नाही एवढंच हवं होतं, इथे मोजतात.

मग सीडीफोर कशाला? काउन्सेलर सांगतात की सीडीफोर म्हणजे शरीराचे सैनिक. बरोबर आहे, पण मला आमच्या कारखान्यातलं उदाहरण जवळचं वाटतं. मशीनमध्ये बिघाड झाला की पहिल्यांदा लाईनवर रिजेक्शन वाढतं. गोदामातला माल कमी झालेला दिसायला आणखी आठवडे जातात. आणि गिऱ्हाईक बोंब मारतं ते सगळ्यात शेवटी. व्हायरल लोड हे रिजेक्शन, सीडीफोर हा गोदामातला साठा आणि आजारपण ही गिऱ्हाइकाची बोंब. मी २०१२ साली सुरू केलं तेव्हा आम्हाला दर सहा महिन्यांनी फक्त सीडीफोर असायचा. गोळ्या लागू पडत नाहीत असा संशय आला तरच कुणाचा तरी व्हायरल लोड पाठवायचे. म्हणजे आम्ही साठा मोजून मशीन बरं आहे की नाही ते ठरवत होतो. सगळ्यांसाठी नियमित व्हायरल लोड सुरू झाला तो २०१८ मध्ये.

एक फायदा असाही, की तुम्हाला बरं वाटतंय की नाही यावर हा आकडा अवलंबून नसतो. लोड वाढलेला माणूस ठणठणीत दिसू शकतो, वजन वाढलेलं असू शकतं. आणि नुसत्या थकव्याने, पित्ताने किंवा घरच्या भांडणाने लोड वाढत नाही.

सेंटरवरची सकाळ

रक्त सकाळीच घेतात, बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारीच. त्यामागे कारण आहे. विषाणूचा आरएनए, म्हणजे मोजायचा तो जनुकीय धागा, नाजूक असतो. नळीतून रक्तद्रव २४ तासांच्या आत वेगळा करून थंड ठेवावा लागतो. दुपारी दोनला धापा टाकत पोचलात आणि "आज बॉक्स गेला" असं ऐकलंत तर सिस्टरवर चिडू नका.

नवीन माणसाला आत नेमकं काय होतं याची धास्ती असते, म्हणून सांगतो. हिरवं पुस्तक खिडकीवर द्यायचं. तुमच्या नोंदींचं पांढरं कार्ड आतून निघतं, ते सेंटरकडेच राहतं. वजन होतं. मग रक्त. हातावर रबर बांधतात, जांभळ्या टोपीची नळी भरते. चार-पाच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर. सिस्टर ती नळी हातात धरून सावकाश आठ-दहा वेळा उलटसुलट करते. हे बघून एकाने मला विचारलं होतं, "रक्तात काय मिसळलं?" काही मिसळलेलं नसतं. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच औषध असतं, ते सगळीकडे पोचावं म्हणून ती फिरवायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. नळीवर नंबर चिकटवतात. तो तुमच्या पुस्तकातल्या नंबरशी जुळतोय का, हे उठायच्या आधी बघून घ्या. सिस्टर रागावणार नाही, आणि रागावली तरी बघा.

ताप असेल, टीबीचं औषध नुकतंच सुरू झालं असेल किंवा चार दिवसांपूर्वी एखादी लस घेतली असेल तर रक्त द्यायच्या आधी सांगा. अशा वेळी आकडा थोडे दिवस उसळू शकतो. डॉक्टर तारीख पुढे ढकलतील.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. इथे माझीच एक फजिती सांगतो. एका सेंटरवर दिलेला माझा नमुना प्रयोगशाळेने परत पाठवला, पेशी फुटल्या होत्या म्हणून. सेंटरने फोन केला तो माझ्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम मी कधीच बंद केलं होतं. रिपोर्ट आला नाही म्हणजे सगळं चांगलं असणार, अशी स्वतःची समजूत घालून मी तीन महिने बसलो. चूक त्यांची किती आणि माझी किती हा हिशेब सोडा. नंबर बदलला की सेंटरला सांगा. आणि कुणी बोलावलं नाही म्हणजे रिपोर्ट चांगला, असं धरून चालू नका.

कागद हातात आल्यावर

रिपोर्टवर साधारण तीन प्रकारचं काहीतरी दिसेल.

"टार्गेट नॉट डिटेक्टेड", आमच्या बोलीत टीएनडी. मशीनला विषाणू सापडला नाही. किंवा "२० पेक्षा कमी", "४० पेक्षा कमी" असं लिहिलेलं असेल. ती त्या मशीनची मोजायची मर्यादा असते. कुठे २०, कुठे ४०, कुठे ५०. गेल्या वर्षी टीएनडी होतं आणि यंदा "४० पेक्षा कमी" आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. दोन्ही उत्तमच.

दुसरा प्रकार म्हणजे आकडा आलाय, पण हजाराच्या आत. आपल्या कार्यक्रमात हजाराच्या खाली म्हणजे विषाणू दबलेला असं धरतात आणि त्याच गोळ्या चालू ठेवतात. तरी ३०० किंवा ७०० आला तर काउन्सेलर तुम्हाला बसवून घेईल, गोळ्यांचं विचारेल. ते बरोबरच आहे. दबलेला असला तरी काहीतरी सैल पडलंय. कधीकधी एकदाच थोडा आकडा येतो आणि पुढच्या वेळी गायब होतो, त्याला ब्लिप म्हणतात.

तिसरा प्रकार हजार किंवा त्याहून जास्त. त्याचं पुढे सांगतो.

आकड्याशेजारी "लॉग" म्हणून एक छोटा दशांश आकडा असतो. तो बघून पुष्कळ लोक खूश होतात, "माझा फक्त ४.२ आलाय!" तसं नसतं बाबांनो. लॉग २ म्हणजे शंभर, ३ म्हणजे हजार, ४ म्हणजे दहा हजार, ५ म्हणजे लाख. ४.२ म्हणजे जवळजवळ सोळा हजार. पण लॉगचा एक उपयोग आहे. दोन रिपोर्टमधला फरक अर्ध्या लॉगपेक्षा, म्हणजे साधारण तिपटीपेक्षा कमी असेल तर तो खरा बदल समजत नाहीत. मोजणीत तेवढं इकडेतिकडे होतंच. ६० चे ९० झाले म्हणून देव पाण्यात ठेवायची गरज नाही.

आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "टीएनडी आलं, म्हणजे मी निगेटिव्ह झालो ना?" नाही. रक्तात सापडत नाही एवढंच. काही पेशींच्या आत तो झोपून राहतो, आणि झोपलेल्या विषाणूवर गोळी चालत नाही. एचआयव्हीची साधी चाचणी केलीत तर पॉझिटिव्हच येईल. गोळ्या बंद केल्या तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर येतो. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी टीएनडीचा कागद बघून गोळ्या सोडल्या आणि कुठल्याशा जडीबुटीवाल्याकडे पैसे ओतले. पुढचं लिहीत नाही.

हजाराच्या वर आला तर

घाबरायला होतं. मलाही झालं होतं. पण त्याच दिवशी कुणी गोळ्या बदलत नाही, आणि बदलूही नये. क्रम असा असतो. पहिल्यांदा काउन्सेलरबरोबर बसणं, दर महिन्याला, साधारण तीन महिने. या काळात गोळ्या अगदी वेळेवर. मग पुन्हा रक्त. दुसऱ्यांदाही हजाराच्या वर आला तर डॉक्टर तुमची केस राज्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या पॅनलपुढे ठेवतात आणि तिथे सेकंड लाईनचं ठरतं.

आता या तीन महिन्यांबद्दल जे सांगायचंय, त्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो. काउन्सेलरच्या खोलीत बहुतेकजण खोटं बोलतात. "सगळ्या घेतल्या मॅडम." उरलेल्या गोळ्या मोजतील म्हणून आदल्या दिवशी जास्तीच्या गोळ्या संडासात टाकणारे मी बघितलेत. लाज वाटते, ओरडा बसेल असं वाटतं, गोळ्या बंद करतील अशी भीती असते. पण त्या खोटेपणाचा पुढचा हिशेब मांडा. तुम्ही म्हणालात सगळ्या घेतल्या, आणि लोड तर वर. मग डॉक्टरपुढे एकच निष्कर्ष उरतो, की गोळी निकामी झाली, विषाणूने तिला दाद देणं सोडलं. म्हणजे गोळी चांगली असताना तुम्ही ती बदलून घेता, आणि सेकंड लाईनच्या जास्त गोळ्या नि त्यांचे त्रास गळ्यात बांधून घेता. "गावी जत्रेला गेलो, आठ दिवस डबीच नेली नव्हती" एवढं एक वाक्य बोललात तर कदाचित तीच गोळी वर्षानुवर्षं पुरेल.

गोळ्या सोडूनच बसलात किंवा एक दिवसाआड घेत राहिलात तर विषाणू खरंच शिकतो, तेही खरं. अर्धवट औषधात वाढणारा विषाणू बदलतो आणि मग ते औषध त्याच्यावर चालत नाही. म्हणून खरं बोलायचं ते लवकर, पहिल्याच महिन्यात.

सेंटरवर ९५ टक्क्यांचा हिशेब करतात. तीस दिवसांत एक गोळी चुकली तर ९६ टक्क्यांच्या वर राहता. दोन चुकल्या की ९३. म्हणजे महिन्याला दोन चुका म्हणजे रेषेच्या खाली.

माझे १,३१०

२०२२ मध्ये माझा आकडा १,३१० आला. त्याआधी सलग टीएनडी. गोळ्या मोजल्या तर एकही जास्त नाही. काउन्सेलर मॅडम माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे बघतोय. त्यांनाही वाटलं असणार, हा टाकून देणाऱ्यांतला. मी शपथ घ्यायला लागलो तसं त्या म्हणाल्या, "शपथ राहू द्या. बॅगेत काय काय आहे ते काढा."

बॅगेत स्टीलची छोटी डबी होती. त्यात टीएलडीची गोळी (एचआयव्हीची रोजची, तीन औषधं एकत्र असलेली), कॅल्शियमची मोठी पांढरी गोळी, दुखण्याची एक गोळी. आणि वेगळी बाटली, गुलाबी पित्ताच्या औषधाची. कंपनीत पाय मुरगळून मनगटावर पडलो होतो, बाहेरच्या डॉक्टरने कॅल्शियम आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दुखण्याच्या गोळ्यांनी जळजळ, म्हणून मेडिकलमधून गुलाबी औषध. रात्री साडेआठचा अलार्म वाजला की जेवणाआधी मी सगळं एकदम घ्यायचो. एकाच घोटात विषय संपवायची सवय.

मॅडमनी ते टेबलावर ओळीने मांडलं आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी गुलाबी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम. टीएलडीतलं डोल्यूटेग्रॅविर पोटात या धातूंना चिकटतं आणि रक्तात नीट उतरतच नाही. उपाशीपोटी घेतलेलं कॅल्शियम आणि लोहही तेच करतं. म्हणजे मी रोज गोळी गिळत होतो आणि तिचा बराच भाग वाया घालवत होतो. नियम असा: टीएलडी या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम किंवा लोह जेवणाबरोबर असेल तर टीएलडीबरोबर चालतं, पित्ताचं औषध मात्र जेवणाबरोबरही नाही. दुखण्याच्या गोळ्यांबद्दल वेगळा ओरडा बसला. टीएलडीतलंच दुसरं औषध टेनोफोविर किडनीतून जातं आणि त्या गोळ्या दिवसेंदिवस घेतल्या तर किडनीवर डबल भार.

कॅल्शियम दुपारच्या डब्याबरोबर गेलं, गुलाबी औषध बंद झालं. तीन महिन्यांनी टीएनडी.

यात लपवाछपवी कुठे होती सांगू? त्या बाहेरच्या डॉक्टरने विचारलं होतं, "आणखी काही औषधं चालू आहेत?" मी म्हणालो, "नाही." एचआयव्ही म्हणायला जीभ वळली नाही. तुम्हालाही वळत नसेल तर निदान गोळीचं नाव सांगा: टेनोफोविर, लॅमिव्युडिन, डोल्यूटेग्रॅविर. जाणता डॉक्टर समजून जाईल. आणि सेंटरवर उलट सांगा, की बाहेरून काय काय घेता. मधुमेहाचं मेटफॉर्मिन असेल तर त्याच्या डोसला मर्यादा आहे. फिट्सचं कार्बामाझेपिन असेल तर सांगायलाच हवं. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्यूटेग्रॅविरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. ही जोडी जुळवली नाही तर लोड वर गेलाच समजा.

गोळीची वेळ, शिफ्टवाल्यांसाठी

डेस्कवर नऊ ते सहा काम करणाऱ्याला ठरावीक वेळ सोपी असते. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये रात्रीचा माल उतरवणारा, रबाळ्यात तीन शिफ्ट करणारा, रिक्षावाला, यांचं काय? मी कागदावर तिन्ही शिफ्ट मांडल्या. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. तिन्हींत मी जागा असतो आणि गोळी हाताशी असू शकते अशी वेळ शोधली. रात्री साडेआठ निघाली. पहिल्या शिफ्टला मी घरी असतो, तिसरीला निघायच्या आधी घरीच, आणि दुसऱ्या शिफ्टला कॅन्टीनमध्ये जेवणाची सुट्टी. म्हणजे तीन आठवड्यांत एकच आठवडा गोळी खिशात ठेवायची. तुमच्या कामाचा असाच तक्ता करा. टीएलडी दिवसाच्या कुठल्याही वेळी चालते. पूर्वी एफाविरेंझवाली गोळी होती, ती रात्रीच घ्यावी लागायची आणि अशी भन्नाट स्वप्नं पडायची की त्यावर एक वेगळा लेख होईल.

वेळ चुकली आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडा. दोन एकदम घेऊ नका.

डबी खुळखुळते म्हणून लोक गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत काढतात. आपल्याकडचा पावसाळा माहीत आहे ना? जुलैत पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात. मूळ डबी आणि तिच्यातली ओल शोषणारी पुडी राहू द्या. आवाज बंद करायचा तर वरून थोडा कापूस घाला. लेबल नको असेल तर खरवडून काढा. बाहेर न्यायला फक्त त्या दिवसाची गोळी वेगळी ठेवा.

गणपतीला कोकणात, मे महिन्यात गावाला जाताना मोजून घ्या आणि वर पाच जास्त घ्या. एसटी अडकते, परतीचं रिझर्व्हेशन मिळत नाही. तिथे गोळ्या संपल्या तर हिरवं पुस्तक घेऊन जवळच्या एआरटी सेंटरवर जा, मधल्या दिवसांच्या गोळ्यांची सोय होते. पुस्तक बरोबर नसेल तर आपल्या सेंटरला फोन करा.

नवरा-बायको, आणि बाळ

लोड सापडत नाही इतका खाली गेला आणि तिथेच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कुणी धीर द्यायला म्हणत नाही. युरोपातल्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, ज्याचे निकाल २०१९ मध्ये आले, ७८२ पुरुष जोडप्यांमध्ये निरोधाशिवायचे सुमारे ७६ हजार संबंध मोजले. औषधाने लोड दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण नव्हती. स्त्री-पुरुष जोडप्यांचा समावेश असलेल्या पहिल्या टप्प्यातही तेच दिसलं होतं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हे स्वच्छ शब्दांत सांगितलं.

पण गोळ्या सुरू केल्याच्या दुसऱ्या महिन्यात हे वाचून निरोध फेकू नका. रिपोर्ट हातात येऊ द्या आणि डॉक्टरांशी बोला. निरोध बाकीच्या गुप्तरोगांपासून वाचवतो, ते काम टीएलडी करत नाही. सुई वाटून घेण्याला हा नियम लागू नाही. अंगावर पाजण्यालाही जसाच्या तसा लागू नाही. त्यात धोका खूप कमी होतो, शून्य म्हणत नाहीत.

गरोदर असाल तर ३२ ते ३६ व्या आठवड्यात व्हायरल लोड होतो. बाळाला जन्मल्यावर एक औषध द्यायचं की दोन, हे त्यावर ठरतं. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर हा रिपोर्ट बरोबर न्या आणि तिथल्या सेंटरला आधीच कळवा. "सातव्या महिन्यात ओटी भरली की जाते" असं म्हणणाऱ्या मुली नेमक्या या तपासणीच्या तोंडावर गायब होतात.

कुठे जायचं, आणि कोण बघेल त्याची भीती

ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटल, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, ही नावं बहुतेकांना माहीत असतात. तुमच्या जवळ आणखी कुठलं सेंटर किंवा फक्त गोळ्या देणारं लिंक सेंटर आहे, ते १०९७ या मोफत नंबरवर विचारा. मराठीत बोला, नाव सांगावं लागत नाही.

ऐरोलीचा माणूस ठाण्याला आणि ठाण्याचा वाशीला जातो, शेजारी भेटू नयेत म्हणून. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत असे किती असतील देव जाणे. मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही पहिली चार वर्षं तेच केलं. फक्त एक हिशेब करा. लांबच्या सेंटरसाठी अर्धा दिवस रजा लागते आणि रजा मिळाली नाही की गोळ्या चुकतात. भीती कमी झाली की रीतसर ट्रान्सफर घेऊन जवळ या. कागद न घेता नव्या ठिकाणी "मी नवीन आहे" म्हणून नाव घातलंत तर जुन्या गोळ्यांचा आणि जुन्या लोडचा इतिहास पुसला जातो, आणि पुढे गोळी बदलायची वेळ आली तर डॉक्टर अंधारात चाचपडतात. हीसुद्धा लपवाछपवीच, आणि महाग पडणारी.

तुमची माहिती गुप्त ठेवायला सेंटर बांधील आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात नोकरी, उपचार, घरभाडं यांत भेदभावाला बंदी आहे. मालकाला रिपोर्ट दाखवायची सक्ती कुणी करू शकत नाही.

रिपोर्टचा फोटो काढून ठेवावा का? ठेवा. पुस्तक भिजतं, हरवतं. पण फोन घरात मुलं खेळायला घेतात आणि फोटो आपोआप टीव्हीवरही दिसतात, म्हणून तो लॉक असलेल्या फोल्डरमध्ये टाका. माझ्या ओळखीची एक ताई आकडा नि तारीख दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिते. शेवटच्या पानावर "१४ मार्च, ०" असं. घरच्यांना वाटतं त्या दिवशी दूध घेतलं नव्हतं.